पर्यटन शहरांचे दरडोई आकडे वेडेवाकडे येतात तेव्हा: काय, कुठल्या क्रमाने तपासावं

आकडे तपासून देणं हे माझं काम, आणि हा बिघाड त्यात वर्षभर येत राहतो. कुणीतरी दोन शहरांची तुलना करणारा तक्ता बनवतं. त्यात एखादं पर्यटनस्थळ चोऱ्यांत, कचऱ्यात, दारूत नाहीतर श्रीमंतीत असं काही उंच जाऊन बसतं की छापायच्या आधी ‘जरा बघता का’ म्हणून फाइल माझ्याकडे येते. बहुतेक वेळा आकडे खोटे नसतात आणि भागाकारही चुकलेला नसतो. फक्त अंशात मोजलेली माणसं वेगळी आणि छेदात मोजलेली वेगळी असतात. गावात राहणारे चौदा हजार, गावात त्या दिवशी असलेले चाळीस हजार, आणि भागायला घेतले चौदा हजार, असं काहीतरी.

खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटच्या आधी, वेळखाऊ आणि महागड्या नंतर, अशा लावल्या आहेत. पहिल्या तीन तपासण्यांना कॅल्क्युलेटर आणि अर्धा तास पुरतो. निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात, म्हणून क्रम मोडून थेट पाचवीवर उडी मारू नका.

लक्षणं

- यादीत पहिला नंबर एखाद्या चिमुकल्या ठिकाणाचा आहे. ‘जगात दरडोई सर्वाधिक गुन्हे व्हॅटिकनमध्ये’ हा त्यातला जुना नमुना.
- एकच गाव चांगल्या-वाईट सगळ्या याद्यांत वर आहे: उत्पन्नात पहिलं, चोरीत पहिलं, कचऱ्यात पहिलं, पाण्याच्या वापरात पहिलं.
- दोन ठिकाणच्या माहितीत त्याच शहराचा, त्याच वर्षाचा दर दुप्पट-अडीचपट वेगळा येतो.
- २०२० साली आकडा धाडकन पडला, पण गावची लोकसंख्या होती तेवढीच आहे. कॅसिनोंवर चालणाऱ्या मकाव या चिनी शहराचं सकल उत्पादन त्या एका वर्षात निम्म्याहून जास्त घसरलं. तिथली माणसं कुठे गेली नव्हती, पाहुणे यायचे थांबले होते.
- मे महिन्याचा दर आणि ऑगस्टचा दर एकाच गावाचे वाटत नाहीत.

यातलं एखादंच लक्षण असेल तर आकडा खराही असू शकतो. पर्यटन शहरांत चोर असतात, हे काही आकड्यांनी लावलेलं लांच्छन नव्हे. दोन किंवा जास्त लक्षणं एकत्र दिसली तर तपासायला बसा.

पहिली तपासणी: दर मोडून मूळ संख्या काढा

‘दर लाखामागे ४,१६७ चोऱ्या’ असं वाचलं की धडकी भरते. फ्लोरिडातल्या लेक बुएना व्हिस्टा या शहरात २०२० च्या जनगणनेत २४ रहिवासी निघाले. तिथे वर्षात एक पाकीट मारलं गेलं तरी दर लाखामागे ४,१६७ चोऱ्या होतात. पुढच्या वर्षी पाकीट मारलं गेलं नाही तर दर शून्य, म्हणजे ‘गुन्हेगारीवर पूर्ण नियंत्रण’.

व्हॅटिकनचं तेच. राहणारे आठशेच्या आसपास, आणि नुसत्या तिथल्या संग्रहालयांना २०२३ मध्ये साठ लाखांहून जास्त लोकांनी भेट दिली. खिसे कापले जातात ते या लोकांचे, भागाकारात येतात ते आठशे. आपल्याकडे माथेरान घ्या. २०११ ला तिथली लोकसंख्या साडेचार हजारांच्या आत होती, म्हणजे एक घटना घडली की दर लाखामागे बावीस-तेवीसची उडी. एवढ्याशा पायावर ‘वाढ’ आणि ‘घट’ हे शब्द वापरूच नयेत.

अमेरिकेच्या आरोग्य सांख्यिकी केंद्रात २० पेक्षा कमी मृत्यूंवरून काढलेल्या दराला ‘अविश्वसनीय’ असा शिक्का मारायची पद्धत आहे. मी तोच ढोबळ नियम सगळीकडे लावतो: मूळ घटना वीसच्या खाली असतील तर दर छापायचा नाही, घटना मोजून सांगायच्या. तुलना करायचीच असेल तर तीन किंवा पाच वर्षं एकत्र घ्या. बऱ्याच ‘सर्वात धोकादायक’ गावांची गोष्ट इथेच संपते.

दुसरी तपासणी: छेद कुठल्या वर्षाचा आहे?

भारतातली शेवटची पूर्ण झालेली जनगणना २०११ ची. २०२१ ची पुढे गेली आणि आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून होते आहे. म्हणजे तुमच्या तक्त्यात अंश २०२२ चा किंवा २०२४ चा असेल, तर छेद कुठून आणला हे विचारायलाच हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग राज्यांसाठी त्या-त्या वर्षाची अंदाजित लोकसंख्या वापरतो. पण महानगरांच्या कोष्टकात २०२२ च्या अहवालातही २०११ चीच लोकसंख्या आहे. परिणाम उघड आहे: जी शहरं या काळात झपाट्याने फुगली त्यांचा दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, जी जागच्या जागी राहिली त्यांचा बराचसा बरोबर. आणि एका तक्त्यात राज्याचा दर एका पद्धतीचा, शहराचा दुसऱ्या पद्धतीचा, असं शेजारी-शेजारी मांडलं की तुलना तिथेच मेली. तळटीप वाचा. पानाच्या खाली बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं, कुणी बघत नाही एवढंच.

तिसरी तपासणी: हद्द

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त बिघाड इथे सापडतो, म्हणून जरा थांबतो.

लास व्हेगास म्हटलं की डोळ्यांसमोर कॅसिनोंची ती झगमगती रांग येते, ज्याला ‘स्ट्रिप’ म्हणतात. तिचा बहुतांश भाग लास व्हेगास शहरात नाहीच. तो पॅराडाइज नावाच्या भागात आहे, ज्याला स्वतःची नगरपालिका नाही. कारभार थेट क्लार्क काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा. २०२० च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ६ लाख ४२ हजारांच्या आसपास, तर अख्ख्या काउंटीची साधारण साडेबावीस लाख. आता पोलिसांचं बघा. १९७३ साली शहर पोलिस आणि काउंटीचं शेरीफ कार्यालय एकत्र करून एकच ‘मेट्रोपॉलिटन’ खातं केलं. ते शहरही सांभाळतं आणि स्ट्रिपसकट नगरपालिकेबाहेरचा भागही. त्याच्या हद्दीत सोळा लाखांहून जास्त लोक राहतात. कुणी या खात्याचे गुन्हे घेतले आणि गुगलवर दिसलेल्या शहराच्या लोकसंख्येने भागले, तर दर अडीचपट झाला. यात एकाही पर्यटकाचा दोष नाही. आधी ही चूक काढा, मग पर्यटकांकडे वळा.

ऑर्लँडोत याच्या उलट घडतं. डिस्नी वर्ल्ड ‘ऑर्लँडोत’ आहे असं सगळे म्हणतात, पण ते बे लेक आणि वर उल्लेख आलेलं लेक बुएना व्हिस्टा या दोन इवल्या शहरांत आहे. २०२० मध्ये बे लेकचे रहिवासी २९. तिथली गस्त ऑरेंज काउंटीच्या शेरीफकडे असते. म्हणजे डिस्नीत कुणाचा कॅमेरा गेला तर तो ऑर्लँडो शहर पोलिसांच्या आकड्यात येतच नाही. व्हेगास आणि ऑर्लँडो यांची दरडोई तुलना करणाऱ्याने आधी दोन्हीकडचे नकाशे समोर ठेवावेत.

व्हेनिसचं प्रकरण याहून फसवं. ‘व्हेनिसची लोकसंख्या अडीच लाख’ हे खरं, आणि ‘पन्नास हजारांच्या खाली’ हेही खरं. अडीच लाख ही अख्ख्या महापालिकेची, ज्यातले बहुतेक लोक मेस्त्रे आणि मार्गेरासारख्या मुख्य भूमीवरच्या वस्त्यांत राहतात. कालवे आणि गोंडोलांचं जे जुनं शहर आपण फोटोत बघतो, त्याची लोकसंख्या २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. १९५१ साली ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. रिआल्तो पुलाजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत २००८ पासून उरलेल्या रहिवाशांचा आकडा लावलेला असतो. ‘दर रहिवाशामागे पर्यटक’ हा आकडा छेद बदलला की पाचपट होतो, आणि दोन्ही आकड्यांना व्हेनिसचाच म्हणायची सोय असते. कोणाला काय सिद्ध करायचं आहे, त्यावर छेद ठरतो असं मला बऱ्याचदा दिसलं आहे.

घरच्या अंगणात: गुन्हे नोंद विभागाच्या त्या महानगर कोष्टकात मुंबईपुढे १८४ लाख लोकसंख्या दिसते. ती बृहन्मुंबईची नाही. बृहन्मुंबई २०११ ला सव्वाशे लाखांच्या आत होती. १८४ लाख हा आजूबाजूची शहरं धरून केलेला महानगर समूह आहे. लोणावळ्यात शहर आणि ग्रामीण अशी दोन पोलिस ठाणी आहेत. ‘लोणावळ्याचे’ गुन्हे म्हणून दोन्हींची बेरीज घेतली आणि छेदात फक्त नगरपरिषदेची लोकसंख्या, की झालं. महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यावर तर मेटगुताड, भिलारकडचे मुक्काम दोन्ही नगरपरिषदांच्या बाहेर पडतात. पाहुणा मात्र घरी जाऊन ‘महाबळेश्वरला होतो’ असंच सांगतो.

करायचं काय: अंशासाठी आणि छेदासाठी, प्रत्येकी एका ओळीत हद्दीचं नाव लिहा. दोन ओळी शब्दशः जुळल्या नाहीत तर पुढे जाऊ नका.

चौथी तपासणी: अंशात कोण मोजलं गेलंय?

काही नोंदी घटना जिथे घडली तिथे होतात, काही माणूस जिथे राहतो तिथे. पर्यटन शहरात हा फरक जीवघेणा ठरतो.

हसू येईल असं उदाहरण नेवाडा राज्याचं. २०१९ मध्ये अमेरिकेत दर हजार लोकांमागे ६.१ लग्नं झाली, नेवाडात २५.९. नेवाडाचे लोक चौपट लग्नाळू आहेत म्हणून नव्हे. बाहेरची जोडपी व्हेगासला येऊन लग्न करतात आणि नोंद लागते तिथली. या आकड्यावरून नेवाडातल्या कुटुंबसंस्थेवर कुणी लेख लिहिला तर तो वाचायला मजा येईल, पण उपयोग शून्य.

गुन्हा आणि अपघात यांचीही नोंद घटनास्थळाची. आपल्याकडे जन्म-मृत्यूची नोंदणीही १९६९ च्या कायद्यानुसार जिथे घटना घडली तिथे होते. म्हणून मोठी इस्पितळं असलेल्या शहराचा मृत्युदर नोंदणीवरून काढला की आजूबाजूच्या चार तालुक्यांचे मृत्यू त्याच्या डोक्यावर बसतात. दारूच्या विक्रीचं गणितही असंच. विक्री गोव्यात होते, पिणारा कुठूनही आलेला असतो. जागतिक आरोग्य संघटना देशोदेशीचं दरडोई मद्यसेवन काढताना पर्यटकांच्या पिण्याचा हिशेब वेगळा लावून मग आकडा देते, तो याच कारणासाठी.

उलट बाजूही लक्षात ठेवा. शाळेतली पटसंख्या, बालमृत्यू, मतदार, रेशनकार्ड, घरगुती हिंसाचार यांचा पर्यटकांशी जवळजवळ संबंध नाही. तिथे छेद रहिवाशांचाच योग्य आहे. ‘हे पर्यटन शहर आहे ना, मग सगळ्याच आकड्यांत पर्यटक मिसळा’ असं करणारे मी पाहिलेत. त्यांनी चांगला चाललेला आकडा बिघडवून ठेवला.

पोलिसांच्या आकड्यांबाबत विचारायचा नेमका प्रश्न हा: फिर्यादींपैकी किती जणांचा पत्ता जिल्ह्याबाहेरचा आहे? हे कोष्टक तयार मिळत नाही. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर ‘माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ असं आलं तर तेही कळणं कामाचं आहे. मग तुमच्या दरावर तेवढी मर्यादा छापा.

पाचवी तपासणी: ‘पर्यटक मिळवले’ असतील तर कसे मिळवले?

इथवर आलेला माणूस हुशार असतो, आणि हुशार माणूस इथे हमखास घसरतो. त्याला कळतं की छेदात पर्यटक हवेत. मग तो वर्षभरात आलेले सगळे पर्यटक उचलून लोकसंख्येत मिळवतो. ही दुरुस्ती मूळ बिघाडापेक्षा वाईट.

रहिवासी वर्षाचे ३६५ दिवस गावात असतो, पर्यटक तीन-चार दिवस. दोघांना एकेक डोकं म्हणून मोजता येत नाही. रोजगार हमीच्या कामावर जसे मजूर किती आले हे न बघता मनुष्यदिवस किती भरले ते बघतात, तसंच इथे करायचं: आलेले पर्यटक गुणिले सरासरी मुक्काम, भागिले ३६५. उत्तर येतं ते ‘सरासरी कुठल्याही दिवशी गावात असलेले पाहुणे’. तेच फक्त लोकसंख्येत मिळवायचे.

याची ताकद बघायची तर गोवा आणि अमेरिकेचं हवाई हे बेटांचं राज्य शेजारी ठेवा. गोव्याची लोकसंख्या २०११ ला १४.५९ लाख, आता सोळा लाखांच्या घरात धरू. हवाईची २०२० ला १४.५५ लाख. गोव्यात २०२४ मध्ये देशी-विदेशी मिळून सुमारे १ कोटी ४ लाख पर्यटक आले. हवाईत २०१९ मध्ये जवळजवळ तेवढेच, १ कोटी ४ लाख. कागदावर जुळी भावंडं. पण हवाईला प्रशांत महासागर ओलांडून गेलेला माणूस सरासरी नऊएक दिवस राहतो, त्यामुळे तिथे २०१९ मध्ये रोज साधारण अडीच लाख पाहुणे असत. गोव्यात माणूस शुक्रवारी रात्रीच्या बसने येतो आणि सोमवारी कामावर असतो. सरासरी चार रात्री धरल्या (हे माझं गृहीतक, आणि ते सैलच आहे) तरी रोजचे पाहुणे होतात सव्वा लाखाच्याही आत. म्हणजे हवाईच्या छेदात सतरा टक्के वाढ, गोव्याच्या छेदात सात टक्के.

आता समजा गोव्यात एखाद्या गुन्ह्याचा दर लाखामागे १०० आहे. मनुष्यदिवसांनी दुरुस्त केला तर तो ९३ होतो. सगळे १ कोटी ४ लाख सरळ मिळवले तर १३ होतो. पहिल्या आकड्यावरून कळतं की पर्यटकांनी फारसा फरक पडत नाही, प्रश्न दुसरीकडे शोधा. दुसऱ्यावरून कुणीही सुटकेचा निःश्वास टाकेल, आणि तो निःश्वास खोटा असेल.

मकाव तर आणखी टोकाचं. २०१९ मध्ये ३.९४ कोटी पाहुणे, हवाईच्या जवळजवळ चौपट. पण निम्म्याहून जास्त त्याच दिवशी परत जाणारे. सरासरी मुक्काम १.२ दिवस. रोजचे पाहुणे साधारण १.३ लाख, म्हणजे हवाईच्या निम्मेच. ‘सर्वाधिक पर्यटक’ या मथळ्यावरून गर्दीचा अंदाज बांधणाऱ्यांसाठी हे एवढं पुरे.

गोव्याची सात टक्क्यांची दुरुस्ती अख्ख्या राज्यासाठी आहे, हे विसरू नका. कळंगुटची लोकसंख्या २०११ ला चौदा हजारांच्या आसपास. त्या सव्वा लाखातले वीस हजार जरी तिथे असले तरी छेद दुपटीच्या वर जातो. तिसऱ्या तपासणीतली हद्द इथे परत हजर होते: घेर जितका लहान, दुरुस्ती तितकी मोठी. राज्याची टक्केवारी गावाला लावू नका आणि गावाची राज्याला.

शिवाय पर्यटकांची संख्या स्वतःच किती भरवशाची, ते बघा. हवाईला सगळे विमानाने किंवा जहाजाने येतात, तिथे मोजणी पक्की असते. आपल्या पर्यटन खात्यांच्या आकड्यांत ‘भेटी’ मोजल्या जातात, माणसं नव्हे. एकच कुटुंब शिर्डी, नाशिक, वणी करून आलं तर तीन ठिकाणी तीन भेटी. आणि सावंतवाडीहून सकाळी निघून म्हापशाचा बाजार करून रात्री परतलेला माणूस कुठल्याच हॉटेलच्या वहीत नसतो.

सहावी तपासणी: मोसम

३६५ ने भागून आलेली सरासरी म्हणजे असा दिवस, जो पर्यटन शहरात वर्षातून क्वचितच उगवतो. कचऱ्याच्या गाड्या, पाण्याचे टँकर, पोलिसांची कुमक यांचा विचार करायचा तर सरासरी निरुपयोगी आहे.

इंग्रजांना हे चांगलं कळलं होतं. १९०१ ची जनगणना ऐन थंडीच्या शेवटाला झाली आणि शिमल्यात चौदा हजारांच्या आसपास माणसं भरली. १९०४ च्या जुलैत तिथल्या नगरपालिकेने वेगळी मोजणी केली, तेव्हा पस्तीस हजार. त्या काळात एका रात्रीत जो जिथे सापडेल तिथे मोजायची पद्धत होती, म्हणून जत्रा-यात्रा नसलेली, चांदणं असलेली रात्र मुद्दाम निवडत. आजची पद्धत वेगळी आहे, पण फेब्रुवारी-मार्चचा मोसम तोच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या सिंहस्थाची मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात, जनगणनेची तारीख १ मार्च. त्या वर्षाच्या त्र्यंबकेश्वरच्या ‘दरडोई’ आकड्यांचं काय होणार हे आत्ताच सांगता येतं.

दुसरी गोष्ट सहसा कुणी करत नाही: गावातून बाहेर गेलेले वजा करायचे. हवाई राज्य ‘प्रत्यक्षात हजर लोकसंख्या’ अधिकृतपणे काढतं, त्यात पाहुणे मिळवतात आणि बाहेरगावी गेलेले रहिवासी वजाही करतात. कोकणात गणपतीच्या पंधरवड्यात काय होतं आठवा. चाकरमानी गावी येतात, पण स्वतःच्या घरात राहतात. पर्यटक म्हणून त्यांची नोंद शून्य. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत छेद वाढतो, मुंबईत घटतो, आणि दोन्हीकडे कागदावरचा छेद तसाच. त्या दिवसांतल्या महामार्गावरच्या अपघातांचा दरडोई दर काढून ‘रत्नागिरीकर बेफाम चालवतात’ म्हणू नये.

करायचं काय: वार्षिक दर बाजूला ठेवून महिनावार अंश मागवा आणि महिनावार मुक्कामाचे आकडे त्याच्याखाली लावा. दोन्हीचा चढउतार एकत्र चालत असेल तर कारण बरंचसं गर्दी आहे. गर्दी उतरूनही दर उतरत नसेल, तर स्थानिक कारण शोधायला लागा. ही तपासणी एका दुपारची नाही, महिनावार आकडे मिळवण्यातच आठवडे जातात.

दरडोई उत्पन्न आलं असेल तर

वरचं काहीही त्याला लावू नका. उत्पन्नाच्या छेदात पर्यटक मिळवायचे नसतात. तिथला बिघाड अंशातला असतो: पैसा तयार होतो गावात, जातो मालकाकडे. मकावच्या कॅसिनोंचा नफा तिथल्या सकल उत्पादनात मोजला जातो, पण भागधारक जगभर आहेत. आणि कामगारांतले पुष्कळसे सीमेपलीकडून रोज ये-जा करतात, म्हणजे अंशात त्यांचे हात आहेत आणि छेदात ते नाहीत. गोवा दरडोई उत्पन्नात देशात वरच्या जागी असतो म्हटलं की लोक लगेच पर्यटनाला श्रेय देतात. तिथले औषधांचे कारखाने कुणाला आठवत नाहीत. उत्पन्नाचा तक्ता असेल तर सरळ पुढचा भाग वाचा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

खालीलपैकी काहीही असेल तर स्वतः खटपट करू नका.

आकड्यावरून निर्णय होणार असेल: पोलिसांची पदं, पाणीयोजना, जनहित याचिका, प्रवेशशुल्क. व्हेनिसने २०२४ मध्ये ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना पाच युरो लावले. अशा निर्णयामागचं गणित कॅल्क्युलेटरवर होत नाही.

‘पर्यटकाला धोका जास्त की रहिवाशाला’ असा प्रश्न असेल. मिसळलेला छेद या प्रश्नाचं उत्तर देऊच शकत नाही, कारण त्यात दोघांना धोका सारखाच हे आधीच धरलेलं असतं. दोन वेगळे अंश, दोन वेगळे छेद आणि त्रुटीची मर्यादा, हे सांख्यिकीवाल्याचं काम.

मुक्कामाचे आकडेच नसतील: होमस्टे, फार्महाउस, एकदिवसीय सहली, यात्रा. तिथे मोबाइलच्या नोंदी, पाण्याचा उपसा, टोलनाक्याची वाहनं यांवरून अंदाज बांधतात, आणि तो बांधणं शिकलेल्यानेच बांधावं.

आणि मूळ घटना वीसच्या खाली असूनही तुलना करावीच लागणार असेल.

महाराष्ट्रात अर्थ व सांख्यिकी संचालनालयाची जिल्हा कार्यालयं आहेत. गोव्यात पर्वरीला नियोजन, सांख्यिकी व मूल्यमापन संचालनालय. लोकसंख्येचा गुंता असेल तर मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, अर्थकारणाचा असेल तर पुण्यात गोखले संस्था. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका: मूळ अंश (दर नव्हे), त्याची हद्द, त्याचं वर्ष, छेदाची हद्द, छेदाचं वर्ष, महिनावार जे मिळालं ते, आणि पहिल्या चार तपासण्यांत काय निघालं ते एका पानावर. एवढं असेल तर काम तासाभरात मार्गी लागतं. नसेल तर तेही तुम्हाला हेच आणायला परत पाठवतील.

तोवर मजकूर थांबवता येणार नसेल तर दर गाळा. घटना किती, कुठल्या हद्दीत, कुठल्या वर्षी, एवढंच छापा आणि क्रमवारीचा रकाना काढून टाका.